एच-इंडेक्स पाच, आणि सर्पदंशाची वही

वाचकाचं पत्र

आदरणीय मॅडम,

मी कोल्हापुरातल्या एका मेडिकल कॉलेजात मेडिसिनला असोसिएट प्रोफेसर आहे. वय ४३. गेल्या महिन्यात प्रोफेसरच्या जागेसाठी मुलाखत झाली. समितीतल्या एका सरांनी माझ्यासमोरच मोबाइलवर गूगल स्कॉलर उघडलं, कुणाच्या पेपरांचे किती संदर्भ घेतले गेले हे दाखवणारी साइट, आणि म्हणाले, "एच-इंडेक्स पाचच? तुमच्याच बरोबरीच्या सरांचा तेरा आहे." त्यानंतर पेशंटबद्दल, शिकवण्याबद्दल, कामाबद्दल मला एकही प्रश्न आला नाही. निकाल अजून लागायचा आहे, पण तो आकडा डोक्यातून जात नाही.

एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, म्हणतात, रिव्ह्यू आर्टिकल लिहा, सायटेशन (दुसऱ्यांच्या पेपरांत आपल्या पेपराचे संदर्भ) भरपूर मिळतात. एक सहकारी म्हणतात, तुम्ही माझं नाव घाला, मी तुमचं घालतो, दोघांचंही काम होईल. आणि एका नंबरवरून रोज व्हॉट्सॲप येतं: स्कोपस या संशोधन-सूचीत येणारा पेपर तयार आहे, पहिल्या नावाचे इतके, तिसऱ्या नावाचे इतके. खोटं कशाला बोलू, एका रात्री मी त्याला "डिटेल्स पाठवा" असं लिहिलंही होतं. पाठवायच्या आधी पुसलं.

माझ्याकडे सर्पदंशाच्या रुग्णांची एक वही आहे. वॉर्डातल्या एका सिस्टरांनी सुरू केली, मी चालू ठेवली. पाच पावसाळ्यांच्या नोंदी आहेत. त्यावर पेपर करावा असं फार मनात आहे, पण सगळे म्हणतात, सर्पदंशाच्या पेपरला कोण सायटेशन देतं? माझ्या पेपरांची यादी सोबत जोडली आहे. लग्नाआधीचे दोन पेपर माहेरच्या नावावर आहेत, ते स्कॉलरवर दिसत नाहीत. मी काय करू? आणि पुन्हा कुणी एच-इंडेक्स काढला तर काय बोलू?

एक डॉक्टर, राजारामपुरी

उत्तर

प्रिय डॉक्टर,

त्या व्हॉट्सॲपवाल्याचा नंबर आज ब्लॉक करा आणि ती वही कुलपात ठेवा. बाकीचं सावकाश बोलू.

तुमची यादी मी नीट वाचली. अकरा पेपर, आणि प्रत्येकापुढे तुम्ही सायटेशनचा आकडा लिहिलाय: ३८, १४, ९, ६, ५, ३, २, २, १, ०, ०. एच-इंडेक्स असा काढतात, की पेपर उतरत्या क्रमाने लावायचे आणि खाली येत जायचं; ज्या क्रमांकापर्यंत पेपरला किमान क्रमांकाइतके सायटेशन असतात, तो आकडा. पाचव्या पेपरला किमान पाच सायटेशन आहेत, सहाव्याला सहा नाहीत, तीनच आहेत. म्हणून पाच. जॉर्ज हर्श या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हे माप सुचवलं. माणसाच्या कामाचा एका आकड्यात फार तर ढोबळ अंदाज येतो, हे त्यानेच त्या लेखात लिहून ठेवलंय. समितीतल्या सरांनी तो अंदाजच निकाल म्हणून वापरला.

आता यादीतला पहिला पेपर पाहा, ३८ सायटेशनवाला. अनेक केंद्रांत झालेली औषधाची चाचणी, आणि लेखकांत तुमचं नाव नववं. तुम्ही तिथे रुग्ण दिले, फॉर्म भरले, ते काम प्रामाणिकच होतं. पण प्रश्न तुमचा नव्हता, आराखडा तुमचा नव्हता, निष्कर्षही तुमचे नव्हते. आणि सहावा पेपर, फक्त तीन सायटेशनचा, तुमच्या कॉलेजातल्या सर्पदंशानंतर किडनी निकामी झालेल्या रुग्णांवरचा. पहिलं नाव तुमचं. ते तीन संदर्भ कुणाचे, हे तुम्ही पाहिलंय का? मी पाहिलं. त्यातला एक सिस्टिमॅटिक रिव्ह्यूमधला आहे. म्हणजे कुणीतरी जगभरचे असे अभ्यास गोळा केले, चाळले, आणि तुमच्या रुग्णांची आकडेवारी स्वतःच्या तक्त्यात एका ओळीवर घेतली. तो रिव्ह्यू वाचून उद्या उपचाराची मार्गदर्शक सूचना लिहिली गेली, तर त्यात तुमच्या वॉर्डातली माणसं असतील. त्या ३८ पेक्षा हे तीन मला मोलाचे वाटतात. तुमचा एच-इंडेक्स मात्र त्या ३८ च्या भरवशावर उभा आहे आणि या पेपराला त्यात जागाच नाही.

कारखान्याच्या काट्यावर उसाचं वजन कळतं, साखरेचा उतारा कळत नाही. एच-इंडेक्स हा काटा आहे. शिवाय तो कधी कमी होत नाही, माणसाने काम थांबवलं तरी जुन्या पेपरांवर वाढत राहतो. त्यामुळे वयाने मोठ्या माणसाचा आकडा मोठा असणं यात विशेष काही नाही. विषयाचाही फरक पडतो. कर्करोगावर जगभर हजारो लोक लिहितात, तिथे एकेका पेपराला शेकड्याने संदर्भ मिळतात. सर्पदंशावर लिहिणारेच मोजके, मग उल्लेख करणारे कुठून येणार? ज्याचा उल्लेख होतो तो चांगला, असंही धरून चालू नका. अँड्र्यू वेकफिल्डचा गोवराच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ मध्ये छापला आणि २०१० मध्ये मागे घेतला. त्याला आजही भरपूर सायटेशन आहेत, त्यातली कितीतरी तो कसा चुकीचा होता हे सांगणारी. मोजणाऱ्या यंत्राला दोन्ही सारखीच.

आणि एक नाव तुम्हाला सांगायलाच हवं, कारण तुम्ही पटकी, म्हणजे कॉलरा, शिकवता. कोलकात्याचे शंभुनाथ डे. पटकीचा जंतू विष सोडतो आणि त्या विषाने जुलाब होतात, हे त्यांनी सशाच्या आतड्यावर दाखवलं. १९५९ मध्ये नेचर या नियतकालिकात छापून आलं. कितीतरी वर्षं त्या पेपराकडे फारसं कुणी बघितलं नाही. त्यांची उपेक्षा झाली हे पुढे १९८६ मध्ये ज्याने लिहिलं, तो यूजीन गारफिल्ड. सायटेशन मोजायची कल्पना १९५५ मध्ये मांडणारा आणि सायन्स सायटेशन इंडेक्स काढणारा माणूस. इम्पॅक्ट फॅक्टरही त्याचाच, आणि तो नियतकालिकं निवडण्यासाठी होता. मागच्या दोन वर्षांत एखाद्या नियतकालिकाने छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती संदर्भ मिळाले, एवढंच त्यातून कळतं. त्यावरून माणूस तोलू नका, असं २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी आणि शास्त्रज्ञांनी जाहीरनामा काढून सांगितलं. त्याला डोरा म्हणतात. आपल्याकडच्या मुलाखतीत तो कुणी वाचलेला असेलच असं नाही, पण तुम्ही वाचून ठेवा. दोन-तीन पानांचाच आहे.

तुमच्या एचओडींचा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असेल, तरी तो तुमच्या कामाचा नाही. एनएमसीच्या, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, २०२२ च्या नियमांत बढतीसाठी चारच प्रकार धरले होते: ओरिजिनल पेपर, मेटा-ॲनालिसिस (अनेक अभ्यासांच्या आकड्यांचं एकत्र विश्लेषण), सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि केस सिरीज (एकाच आजाराच्या काही रुग्णांच्या नोंदी). नेहमीचं, दहा पुस्तकं समोर ठेवून लिहिलेलं रिव्ह्यू आर्टिकल त्यात नव्हतं. सायटेशन मिळतील, पण बढतीच्या हिशेबात शून्य. नाव पहिल्या तिघांत हवं किंवा तुम्ही कॉरस्पाँडिंग ऑथर, म्हणजे नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखक, हव्यात, आणि नियतकालिक मेडलाइन, पबमेड सेंट्रल, स्कोपस, डीओएजे अशा ठरलेल्या सूचींतलं हवं. म्हणजे तो नववा क्रमांक तिथेही उपयोगाचा नव्हता. एच-इंडेक्स किती हवा याबद्दल त्या नियमांत एक शब्द नव्हता. २०२५ मध्ये अध्यापकांच्या पात्रतेचे नवे नियम आले आहेत. तुम्हाला कोणते लागू होतात ते आस्थापना विभागात विचारत बसू नका, राजपत्र उतरवून घ्या आणि स्वतः वाचा. मुलाखतीला जाताना त्याची प्रिंट फाइलमध्ये असू द्या.

तुमच्या नावाचं काम एका संध्याकाळचं आहे, ते लगेच उरका. माहेरच्या नावावरच्या दोन पेपरांना आठ आणि सात सायटेशन आहेत असं तुम्ही कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलंय. ते यादीत धरले तर क्रम होतो ३८, १४, ९, ८, ७, ६, ५. सहाव्या पेपराला सहा. तुमचा एच-इंडेक्स सहा आहे, डॉक्टर. नवा शब्द न लिहिता. लग्नानंतर नाव बदललेल्या किती डॉक्टर बायकांचं अर्धं काम असं दुसऱ्या आडनावाखाली पडून राहतं, आणि समितीसमोर ते कुणी मोजत नाही, याचा मला राग येतो. ऑर्किडवर, म्हणजे संशोधकांना ओळख-क्रमांक देणाऱ्या साइटवर, नोंदणी करा. सोळा अंकी क्रमांक मिळतो, फुकट. दोन्ही नावांचे पेपर त्याला जोडा. स्कॉलरच्या प्रोफाइलमध्ये जुने पेपर हाताने घालता येतात. स्कोपसवर तुमचे दोन वेगळे लेखक-क्रमांक झालेले असणार, ते एकत्र करायची विनंती तिथेच करता येते. पुढच्या प्रत्येक पेपरावर नाव एकाच पद्धतीने लिहा, आद्याक्षरांसकट.

आणि स्कॉलरवरची आपोआप भर घालण्याची सोय बंद करा. तुमचं आडनाव पाटील. आपल्या जिल्ह्यात प्रत्येक कॉलेजात त्याच आद्याक्षरांचे दोन-तीन पाटील डॉक्टर सापडतील. यंत्र त्यांचे पेपर तुमच्या नावावर टाकत राहतं, आणि उद्या कुणी तपासलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. जे आपलं नाही ते काढून टाका, आकडा उतरला तरी.

तुमच्या बरोबरीच्या सरांच्या तेराबद्दल मी काही म्हणणार नाही. तुम्ही त्यांची लिंक पाठवली होती, मी उघडली नाही. ते तेरा कष्टाचे असतील. तुम्हीही ती लिंक बघणं सोडा. रोज रात्री दुसऱ्याचा आकडा बघून झोपणाऱ्या माणसाचं स्वतःचं लिखाण होत नाही.

आता नावांची देवाणघेवाण. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, आयसीएमजेई, लेखक कुणाला म्हणायचं याच्या चार अटी सांगते. कल्पनेत, आराखड्यात, माहिती गोळा करण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा गांभीर्याने तपासण्यात सहभाग हवा. अंतिम मजकुराला संमती हवी. आणि पेपरातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल प्रश्न आला तर उत्तर देण्याची जबाबदारी हवी. चारही हव्यात, एकेक नाही. सहकारी म्हणतात त्या व्यवहारात पहिली अटच बसत नाही, पण मला जास्त काळजी चौथीची आहे. त्यांच्या पेपरातले आकडे उद्या खोटे निघाले तर उत्तर द्यायला तुम्ही बांधलेल्या आहात. न पाहिलेल्या रुग्णांबद्दल तुम्ही काय सांगणार?

विकत घेतलेल्या पेपराचं तर याहून वाईट. असे पेपर पाडणारे कारखानेच आहेत, त्यांना पेपर मिल म्हणतात. एकच बनावट माहिती थोडीफार फिरवून दहा ठिकाणी खपवतात. २०२३ या एका वर्षात जगभरात १०,००० हून जास्त पेपर मागे घेतले गेले, त्यातले ८,००० हून जास्त एकट्या हिंदावी या प्रकाशकाचे होते. मागे घेतलेला पेपर पुसला जात नाही. तो तिथेच राहतो, तुमच्या नावासकट, वर "रिट्रॅक्टेड" असा शिक्का मारून. तुमचे विद्यार्थी बघतात, रुग्ण बघतात. आणि ते सगळं बाजूला ठेवलं तरी, एखाद्या बनावट पेपरातला औषधाचा डोस खरा समजून कुणी रेसिडेंट डॉक्टर रात्री दोन वाजता वापरू शकतो. तुम्ही पाठवायच्या आधी पुसलंत, ते बरोबर केलंत. त्या रात्रीबद्दल स्वतःला बोल लावत बसू नका. प्रमोशन अडलेल्या माणसाला असे विचार येतात.

हे झालं. आता एक कडू बोलते, कारण मऊ शब्दांत सांगून तुमचा फायदा नाही. तुमच्या यादीत उणीव आहे, फक्त ती सायटेशनची नाही. अकरा पेपरांत सात विषय आहेत: थायरॉइड, डेंग्यू, मधुमेहाचं सर्वेक्षण, एक औषधाची चाचणी, सर्पदंश, क्षयरोग, आणि ऑनलाइन शिकवण्याबद्दल विद्यार्थ्यांची मतं. जो रेसिडेंट आला, जो थिसिसचा विषय निघाला, त्यावर एक पेपर, आणि पुढे कुठलाच धागा नाही. यादी वाचून ही डॉक्टर कशामागे लागली आहे, हे कळत नाही. आपल्याकडच्या कॉलेजांत असंच घडतं. ओपीडी, राउंड, लेक्चर, तपासणीला येणारी समिती, यातून उरलेल्या वेळात दुसरं काय होणार? पण याचा इलाज तुमच्या हातात आहे, आणि तो तुमच्या त्या वहीत आहे.

पाच पावसाळे! सर्पदंशाच्या प्रत्येक रुग्णाची दंशाची वेळ, दवाखान्यात पोचल्याची वेळ, वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीचा निकाल, अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, किती व्हायल्स (कुप्या) दिलं, डायलिसिस लागलं का, माणूस घरी गेला का. तुम्ही एका पानाचा फोटो पाठवलात, त्यात "आधी कुठे नेलं" असाही रकाना आहे. कुणाला मांत्रिकाकडे, कुणाला गावच्या डॉक्टरांकडे, एकाला तीन दवाखाने फिरवून. हा रकाना ज्या सिस्टरांनी आखला त्यांना माझा नमस्कार सांगा. मोठमोठ्या संस्थांच्या फॉर्ममध्ये हा रकाना नसतो.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० मध्ये ईलाइफ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अंदाज म्हणते, कारण मोजलेले मृत्यू याच्या कितीतरी खाली आहेत. खूप माणसं दवाखान्याच्या दारापर्यंत पोचतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला उपेक्षित उष्णकटिबंधीय आजारांत घातलं. २०२४ मध्ये आपल्या केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा काढला आणि सर्पदंशाची नोंद सक्तीची करा, असं राज्यांना कळवलं. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. निम्म्यावर आले की नाही, हे कळायला आधी किती होते ते कुणाकडे तरी लिहिलेलं हवं ना? तुमच्याकडे लिहिलेलं आहे.

आणखी एक. आपल्याकडचं अँटीव्हेनम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं, आणि त्यासाठी लागणारं विष बहुतांशी तामिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं. मग तिकडच्या घोणशीच्या विषावर बनवलेलं औषध आपल्या पन्हाळा-शाहूवाडीतल्या घोणशीला किती व्हायल्समध्ये पुरतं? हा प्रश्न दिल्लीत बसून सुटणार नाही. गगनबावडा, राधानगरी, भुदरगड इथून रात्रीच्या पावसात रुग्ण शहरात यायला किती वेळ लागतो, आणि त्या वेळेचा किडनीशी काय संबंध, हेही इथेच कळेल.

तर कामाला लागा, आणि क्रम चुकवू नका. पहिल्यांदा पीएसएममधल्या (सामाजिक वैद्यक विभागातल्या) स्टॅटिस्टिक्स जाणणाऱ्या माणसाकडे जा, माहिती भरायच्या आधी. एकच मुख्य प्रश्न ठरवा. मी ठरवला असता तर: दंशापासून पहिल्या अँटीव्हेनमपर्यंत लागलेला वेळ आणि डायलिसिसची गरज. बाकीचे प्रश्न दुसऱ्या पेपराला ठेवा. मग इन्स्टिट्यूशनल एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या कॉलेजच्या समितीकडे, अर्ज करा. जुन्या नोंदी असल्याने आणि ओळख काढून टाकणार असल्याने प्रत्येक रुग्णाच्या संमतीतून सूट मागता येते, पण ती मागावी लागते, गृहीत धरता येत नाही. ओळख काढणं म्हणजे फक्त नाव खोडणं नव्हे. गगनबावड्यातल्या एखाद्या वाडीचं नाव, वय आणि दंशाची तारीख एवढ्यावर तो माणूस कोण हे सगळ्या पंचक्रोशीला कळतं. गावं काढा, तालुका ठेवा.

नंतर वहीतली प्रत्येक नोंद एमआरडीतल्या (रेकॉर्ड विभागातल्या) केसपेपरशी ताडून बघा. हे काम कंटाळवाणं आहे आणि पेपराचा जीव यातच आहे. केसपेपर सापडला नाही तर तसं लिहा. किती नोंदी अपुऱ्या होत्या, किती रुग्ण "डामा" होऊन, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता, घरी गेले आणि पुढे त्यांचं काय झालं ते कळलं नाही, हे लपवू नका. रिव्ह्यूअर, म्हणजे नियतकालिकासाठी पेपर तपासणारा, अपुऱ्या माहितीवर जेवढा चिडत नाही तेवढा लपवलेल्या माहितीवर चिडतो. किडनी निकामी म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या केडिगो या किडनीविकारांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक गटाची घ्या, मनाची नको. लिहिताना शेजारी स्ट्रोबची यादी ठेवा. निरीक्षणात्मक अभ्यासात काय काय सांगायला हवं ते त्यात ओळीने दिलंय.

पाठवायचं कुठे, तर सर्पदंशावर उपचार करणारे जिथे वाचतात तिथे. जापी, म्हणजे भारतीय फिजिशियन संघटनेचं नियतकालिक, आहे, १९१३ पासून निघणारं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च आहे, विषांवरच्या अभ्यासासाठी टॉक्सिकॉन आहे. नियतकालिकाच्या स्वतःच्या वेबसाइटवर "पबमेड इंडेक्स्ड" असं लिहिलंय यावर जाऊ नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये नाव घालून आज ते मेडलाइनमध्ये आहे का ते पाहा, स्कोपसची यादीही स्वतः उघडा, कारण तिथून नियतकालिकं काढलीही जातात. वर्गणीवर चालणाऱ्या बऱ्याच चांगल्या नियतकालिकांत लेखकाला पैसे भरावे लागत नाहीत. आठ दिवसांत छापतो म्हणणाऱ्याकडे फिरकू नका. एकदा, दोनदा परत येईल. रिव्ह्यूअरने काय सुचवलंय ते घेऊन पुढच्या ठिकाणी पाठवा.

सायटेशन कोण देणार, असं तुम्हाला म्हणणाऱ्यांना महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर दाखवा. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी जे लिहून ठेवलं ते १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं. प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध विंचूदंशात जीव वाचवतं, हे त्यांनी दाखवलं. २०११ मध्ये महाडमध्येच केलेली त्यांची चाचणी बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने छापली. कोकणातल्या विंचवावर लिहून कुणाला सायटेशन मिळणार, असं तेव्हाही कुणी म्हणालं असेल. आणि गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेऊन बालमृत्यू खाली आणले, ते १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं, आणि तीच पद्धत पुढे देशभरातल्या आशा ताईंच्या कामात गेली. त्या पेपराचा परिणाम पाहायचा तर आशा ताईच्या पिशवीतला वजनकाटा आणि थर्मामीटर पाहा.

लेखकांच्या नावांचंही आताच ठरवा, नंतर वाद होतात. केसपेपर ताडून बघण्याचं काम तुमचा रेसिडेंट करणार असेल आणि मसुदाही तोच लिहिणार असेल, तर पहिलं नाव त्याचं. तुम्ही कॉरस्पाँडिंग ऑथर राहा, नियमात तेही धरलं जातं. आणि सिस्टर? आभाराच्या ओळीत त्यांचं नाव टाकून मोकळं होऊ नका. नोंदी कशाच्या ठेवायच्या हे त्यांनी ठरवलं, माहिती गोळा करायला सुरुवात केली. पहिली अट त्यांनी तुमच्या आधी पूर्ण केली आहे. आयसीएमजेईचंच म्हणणं आहे की, पहिली अट पूर्ण करणाऱ्याला बाकीच्या तीन पूर्ण करायची संधी द्यायला हवी. मसुदा त्यांच्यासमोर ठेवा, लागलं तर मराठीत समजावून सांगा, त्यांच्या दुरुस्त्या घ्या, अंतिम मजकुराला त्यांची संमती घ्या. एचओडी कुरकुर करतील. करू देत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. पुन्हा कुणी मोबाइल काढून एच-इंडेक्स वाचला तर मान खाली घालू नका आणि वादही घालू नका. इतकंच बोला: "सर, दोन्ही नावांचे पेपर धरून सहा आहे, यादी फाइलमध्ये आहे. मी सर्पदंशानंतरच्या किडनीच्या आजारावर काम करते. माझा आधीचा पेपर एका सिस्टिमॅटिक रिव्ह्यूमध्ये घेतला गेला आहे. आता आपल्या जिल्ह्यातल्या पाच वर्षांच्या रुग्णांचा अभ्यास चालू आहे, एथिक्स कमिटीची मंजुरी जोडली आहे. त्यातला पहिला तक्ता दाखवू का?" आणि परवानगीची वाट न बघता तो कागद त्यांच्यासमोर ठेवा.

मसुदा तयार झाला की मला पाठवा, मी वाचेन. एथिक्स कमिटीच्या पुढच्या बैठकीची तारीख आजच विचारून घ्या, अर्ज साधारण दोन-तीन आठवडे आधी द्यावा लागतो.